सतरा मीटरवर

गच्चीवर सतरंजी टाकली, तिच्यावर सगळं मांडलं.
तीन हार्नेस, अकरा कॅराबिनर,
पट्टा तुटलेलं एक हेल्मेट,
आणि ट्रकच्या जुन्या ताडपत्रीतून
आग्रा रोडच्या रशीद टेलरने शिवलेला तंबू,
ज्याला दोन वर्षं झाली तरी डिझेलचा वास येतो.
खाली सात नंबरची गल्ली भांडी घासते आहे.
उद्या पहाटे पाच-दहाची साक्री गाडी.

निंबा वहीत पाणी मांडतो.
माणशी पाच लिटर, चौघांचे वीस,
म्हणजे वीस किलो फक्त पाणी.
डिसेंबर असला म्हणून काय झालं,
दुपारी काळा कातळ तव्यासारखा बोलतो.
एवढा हिशोब करून हाच माणूस
पिशवीत चार किलो हिरवी वांगी कोंबतो.
"वजन?" मी विचारते.
"भरीतबिगर डोंगर कसाना!"
मी एक वांगं बाहेर काढते. तो परत टाकतो.
मी पुन्हा काढते.

जामसिंग पावरा मात्र सामानाकडे बघतही नाही.
कठड्याला टेकून त्याने पायथ्याच्या गावात फोन लावलाय,
एकच प्रश्न, तीन माणसांना तीनदा:
सुळक्याला आग्या मोहोळ बसलंय का?
कुठल्या अंगाला?
उठलं की बसलेलंच आहे?
मग फोन ठेवून म्हणतो, उत्तरेकडून चढायचं. 
बस्स, त्याची तयारी झाली.

दोर मी शेवटी घेते.
चाळीस मीटर, पोपटी, मधूनमधून मळलेला.
डोळे मिटून दोन बोटांतून सोडत जाते,
एक वीत, दुसरी वीत,
कोकिळा टाचणवहीत मीटर लिहिते,
बारा, तेरा, कबुतरं उडतात, पंधरा.
सतरावर बोट थबकतं.
वरून काहीच नाही. साल धड, रंग धड.
आत मात्र काहीतरी बसलंय,
पिकलेल्या केळात बसावं तसं.
गेल्या मार्चला कुठल्या धारेवर घासला असेल?
कुणालाच आठवत नाही.

कुणी काही बोलण्याआधी मी दोर घेऊन जिना उतरते.
आप्पा खाटेवर बसलेत, दोन्ही डोळ्यांत पडदा.
अमळनेरच्या गिरणीत एकतीस वर्षं
त्यांनी सुताला हात लावला.
"आप्पा, बघा बरं."
मी जागा सांगत नाही.
ते दोर ओढत राहतात, शेजारच्या टीव्हीवर बातम्या,
दोर मांडीवरून फरशीवर साठत जातो.
आणि मग त्यांचा अंगठा थांबतो.
"हाई काय व्हयनं इथं?"

सुरी स्टोव्हवर लाल केली.
नायलॉन जळल्याचा वास गल्लीभर.
एकीकडे सतरा, एकीकडे तेवीस.
निंबा पेन उघडतो:
उतरायला दोर दुहेरी लागतो,
तेवीसचा दुहेरी साडेअकरा,
सुळका बत्तीसचा.
पेन बंद करतो.

बराच वेळ कुणी सामान हलवत नाही.

"दहा मीटरवर उंबर आहे ना," कोकिळा म्हणते,
"कपारीतला. त्याच्याखाली ओट्यासारखी जागा.
चौघं बसू. पाय खाली सोडून."
जामसिंग मान हलवतो. उंबर त्याला माहीत आहे.
वरचे बावीस मीटर
वहीत एका रेघेने खोडले जातात,
रेघ जरा वाकडीच येते.

सतरा मीटरचा तुकडा शेजारच्या सुलकाकूंनी मागितला.
मी आधी त्याला दोन्ही टोकांना लाल रंग फासला,
आणि हातात देताना म्हटलं,
यावर कपडे वाळवा, गोधड्या वाळवा,
माणूस तेवढा लटकू देऊ नका.
त्या हसल्या. मी हसले नाही.

रात्री अकराला सॅकचे बंद आवळताना
दोराच्या बाजूला पोकळी लागली हाताला.
पाणी भरायला उठले, परत आले,
तर पोकळी भरलेली.
निंबा भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्यासारखा.
बाहेरून चाचपलं:
देठ.
राहू दिलं.