दोन सूत

नवी पिकअप. सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही,
आणि उद्यमनगरातला दस्तगीर मुजावर
टपाच्या मधोमध ड्रिल लावून उभा.
मी शेजारच्या लेथवरचा चकाकता कीस बघत राहिलो.
"मधीच पायजे," तो म्हणाला,
"निम्मी एरियल ही काठी, निम्मी तुझी गाडी.
पत्रा चारी अंगानं सारखा मिळाला
की आवाज चारी अंगानं सारखा जातोय."

जुळवायला मात्र पुईखडीच्या माळावर.
दुकानात शेड, तारा, वेल्डिंग, सगळेच मधे बोलतात.
इथं नुसता वारा
आणि एक म्हैस. तिलाही त्यानं हुसकून लांब घातली.
"दार लाव. काच वर घे. हलू नको.
माणूस जवळ आला तरी काटा फिरतोय."

पहिल्यांदा माईक दाबला
तर काटा सरळ तांबड्यात जाऊन बसला.
"सोड, सोड! सेट जळंल!"
मग त्यानं नट काढून भोकाच्या कडेचा रंग खरवडला,
माझा पांढराशुभ्र रंग, बँकेचे अजून अठ्ठावन्न हप्ते,
खाली उघडा पत्रा लागेपर्यंत.
"रंगावर अर्थिंग बसत न्हाय, मालक."

आता काटा उतरला. पण पुरता नाही.
एक नंबरला दोन, सत्तावीस नंबरला पावणेतीन.
"वर चढतोय म्हंजे काठी लांब हाय."
एका वेळी दोन सूत कापायची,
परत बसवायची, परत दोन्ही टोकं बघायची.
"घाई केलीस तर संपलं. कापल्यालं चिकटत न्हाय."

आपण धाडतो ते सगळंच बाहेर जात नाही, तो सांगत होता,
कानामागं पेन्सिल, गुडघ्यावर मीटर.
मेळ बसला नाही की थोडं काठीवरनं माघारी फिरतं
आणि धाडणाऱ्यालाच आतनं भाजतं.

मी काही बोललो नाही.
गेल्या दिवाळीच्या वाटणीपासून
मी आणि धाकटा धैर्यशील
फोनवर दोन शब्द लिहितो.
'डिझेल भरलं.' 'बरं.'
दोघांच्या गाड्या एकाच संघाच्या दुधाला,
पहाटे तीनला गगनबावड्याकडं, मागं-पुढं,
असळजच्या पुढं मोबाईलला एक दांडी नाही.
संघानंच सांगितलं, धुक्यात दोन्ही गाड्या
बोलत राहिल्या पाहिजेत. ठरावच केला तसा.

चार वेळा कापून झालं.
पाचव्यांदा त्यानं हॅक्सॉ उचलली, काट्याकडं बघितलं
आणि खाली ठेवली.
सव्वा. दोन्ही टोकांना जवळजवळ सव्वा.
"एक होईल की अजून थोडं कापलं तर?"
"कशाला? तंतोतंत कुणाचं जुळतंय?
दीडच्या आत आलं की नांदतंय."

धैर्यशील बालिंग्याच्या पुलाजवळ थांबला होता, ठरल्याप्रमाणे.
मी माईक तोंडाशी धरला.
कुठल्या नावानं हाक मारायची ते ठरवलंच नव्हतं.
"धैर्या," म्हणालो, "ऐकू येतंय का?"

खरखर.
मग खरखरीतनं, पाच किलोमीटर ऊस ओलांडून,
"येतंय की. आबाच बोलल्यागत वाटलं."

आबांना जाऊन अकरा वर्षं झाली.
मला पुढं काहीतरी म्हणायचं होतं,
ते यावं म्हणून मी बटण तसंच दाबून बसलो,
वाऱ्यात काठी वाकत होती, सरळ होत होती,
आणि सेटमधून काहीच येईना.

दस्तगीरनं काचेवर टकटक केली.
"बोट काढ की बटणावरचं.
तू दाबून धरलंस तर त्यो कसा बोलंल?"

काढलं.

मग तो टपावर चढून भोकाभोवती सिलिकॉन फिरवत बसला.
कापलेले चार तुकडे त्याच्या खिशात वाजत होते.
"रात्रभर वाळू दे," वरून म्हणाला,
"पहाटं धुकं असंल. सावकाश जावा दोघं."