पाठपोट

आखाजीला आमच्याकडे पत्ते पाप नसतात.
बाया झोक्यावर, पुरुष निंबाखाली,
आणि मी, नऊ वर्षांची,
सुपडूबाबाच्या पाठीमागे
तोंडाला कुलूप लावून.
शिकले ते तिथेच.

"पत्ता नको दखू, माणूस दख."
हिलालकाका डाव चांगला आला की
बिडी ओढायची विसरायचा.
निंबादादा वाईट पत्त्यावर मोठ्यानं हसायचा,
हरला की दुप्पट लावायचा.
दिवेलागणीला त्याच्या राजदूतची किल्ली
गोधडीवर, चिल्लरीत पडलेली मी पाहिली.

बाबाच्या धोतराच्या सोग्याला गाठ.
गाठीत दोनशे, मोजून.
"गाठ सुटनी, का ऊठ."

आता चाळीसगावला, तहसील कचेरीसमोर
माझं झेरॉक्सचं दुकान आहे.
सातबारा, जातीचा दाखला, रहिवासी,
मशीनच्या झाकणाखालून सरकणारा हिरवा उजेड
आणि काउंटरखाली, डब्याला टेकवलेला मोबाईल.
सव्वानऊ ते साडेतीन.
पन्नास डाव समोरून जातात, मी दोन खेळते.
एखाद्या दिवशी एकही नाही.
शेजारचा मोबाईलवाला भूषण म्हणतो,
ताई, नुसतं बसून राहायचे पैसे मिळतात का?
मिळतात.
त्याची राजदूत अजून जायची आहे.

अवघड एवढंच की इथे तोंडं नाहीत.
समोर हजार निंबादादा बसलेत
की एकटा हिलालकाका, कळायला मार्ग नाही.
मी आकड्याच्या चालीकडे बघत राहते.
चारशे बाराला येतो, थबकतो, मागे फिरतो.
पुन्हा येतो.
तिसऱ्यांदा थबकला की मी सावध होते:
कुणाची तरी बिडी विझली.

आज सिमेंटचा शेअर घेतला होता.
दहा चाळीसला माझी गाठ सुटली,
अकराशे चाळीस रुपये.
स्टॉप लॉस म्हणतात त्याला इकडे.
आमच्यात पॅक.
अकरा वीसला तोच शेअर वर निघाला,
माझ्या भावाच्या वर, चारशे बाराच्याही वर,
जसा काही माझ्या उठण्याचीच वाट बघत होता.
बोट बटणावर गेलं.

त्या आखाजीला बाबा ब्लाइंड खेळत होता.
गाठ सुटली. त्यानं पत्ते न बघताच टाकले,
धोतर झटकलं, पाणी प्यायला गेला.
हिलालकाकानं दोन राण्यांवर डाव नेला.
मी गोधडीवरून बाबाचे पत्ते उचलले.
तीन नव्वे.
तसेच पालथे ठेवून दिले.

आज बाबा ब्याऐंशीचा आहे,
दुकानात पंख्याखाली स्टुलावर बसतो.
"कितला गया?"
अकराशे चाळीस.
"बेस शे," म्हणाला, आणि तंबाखू मळू लागला.
त्या नव्व्यांचं मी त्याला
आजवर सांगितलेलं नाही.
सांगितलं तर हसेल.
किंवा नाही हसणार,
आणि त्याचीच मला भीती वाटते.

मोबाईल पालथा घातला.
काउंटरवर वाघळीची एक बाई उभी,
हातात ओलसर रेशनकार्ड.
"पाठपोट काढजो, बहिन.
एकच बाजू चालत नही म्हने."
मी कार्ड काचेवर ठेवलं,
एक बाजू काढली,
कागद उलटा भरला,
आणि कार्ड पालथं करायला
जरा वेळ लावला.