बघावं लागतं

नुकसानीचा तपशील, या रकान्यात
व्हर्लिन हॉल्टमायरनं पेन्सिलीनं लिहिलं होतं:
रोज बघावं लागतं.
पेन्सिल चालत नाही, मी म्हटलं.
त्यानं माझंच पेन मागून घेतलं
आणि त्याच अक्षरांवरून फिरवलं, सावकाश,
गवंडी दर्जा भरतो तसं.

क्विन्सीची लायब्ररी. लाल विटांची,
मिसिसिपीकडे तोंड करून बसलेली.
दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेनं तिला
करड्या पत्र्यात गुंडाळली, खिडक्यांसकट.
पत्र्याला वीस वर्षांची गॅरंटी आहे,
हे वाक्य कागदपत्रांत चार वेळा येतं.

न्यायाधीश प्रूइट बाईंनी चष्मा पुसला.
घर समोर आहे तुमचं? नाही.
दुकान? नाही.
त्या विटा तुम्ही रचल्यात?
माझ्या जन्माआधीच्या आहेत.
पुस्तकं तर अजून मिळतात ना? मिळतात.
मग तुमचं गेलं काय?
तो म्हणाला, बसस्टॉप तिथंच आहे.
पाठ करून उभं राहता येईल, बाई म्हणाल्या.
बस त्याच बाजूनं येते.

कुणीतरी हसलं. थोडं मीही.

पालिकेचा वकील उठला, पोरगेलासा, करकरीत बूट.
असं तर गावात प्रत्येकाच्याच डोळ्यांत खुपेल, महोदया,
आणि जे सगळ्यांना खुपतं
ते कायद्याला कुणालाच खुपत नाही.
नुकसान ठोस हवं. आणि याच्या एकट्याचं.

एकट्याचंच आहे, हॉल्टमायर बसल्या जागी पुटपुटला,
बाकीच्यांना विचारा,
त्यांचंही एकट्याचंच निघेल.
हे नोंदीत आलं नाही. त्याची पाळी नव्हती.

दावा खारीज. वादीला लोकस नाही.
शिक्का मी मारला. शाई ओली होती,
म्हणून कागद जरा हवेत हलवला, खिडकीशी न्यावा म्हणून वळले
तर या दालनाला खिडकीच नाही.
अकरा वर्षं इथं बसते मी.

पाच वाजता गाडी गॅरेजात, म्हणून बसस्टॉपवर.
तो होताच, टोपी हातात घेऊन.
काही बोलला नाही, बोट दाखवलं नाही.
कोपऱ्यात पत्र्याचा एक स्क्रू निघालाय,
कड उचललीय वाऱ्यानं,
आत अडीच विटा दिसतात.
अडीच. मी पुन्हा मोजल्या.
माझं गाव मिरज. माझा तर इथं
मुळीच लोकस नाही.

बस उशिरा आली. त्याच बाजूनं.