काही करू नये

मांजरीचं नाव हायबा, म्हणजे खेकडी.
तिला लॅपटॉपचा उजवा कोपरा आवडतो.
तिथे ऊब असते,
आणि स्टोव्हमधली लाकडं तर दीडलाच राख होतात.
मंगळवारी दोन वाजून सतरा मिनिटांनी
तिने पुढचा पाय नेमका बटणावर ठेवला
आणि अचाओ गावाचा रेडिओ झोपी गेला.

मी खुर्चीतच होते. माझाही डोळा लागला होता.
वाक्य मध्येच तुटलं म्हणे:
"लिनलिन बेटावरच्या एदेल्मिराबाईंना कळावं,
बटाट्याची पोती उद्याच्या लाँचने येताहेत,
घोडा धक्क्यावर"
आणि पुढे नुसता समुद्र.

घोडा धक्क्यावर काय?
पाठवा? पाठवू नका? मेला?
पावणेतीनला रोसामेल फोनवर ओरडत होता.
तो शिंपल्यांच्या तराफ्यांवर रात्रपाळी करतो:
फळ्यांची खोली, एक कंदील, एक रेडिओ,
आणि चोरांपेक्षा समुद्रसिंहांची जास्त धास्ती.
"मला वाटलं भूकंप झाला.
रेडिओ एरवी गप्प बसतो कधी?
अर्धा तास बूट घालून बसलोय,
लाटेची वाट बघत."

मी म्हटलं, मांजर.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, कुठल्या रंगाची?

बुधवारी सकाळी सेटिंग्ज उघडल्या.
यंत्र विचारत होतं, अगदी अदबीने:
बटण दाबलं तर काय करावं?
झोपावं, गाढ झोपावं, बंद व्हावं, की काही करू नये?
झाकण मिटलं तर?
किती मिनिटं कुणी हात लावला नाही तर झोपावं?
वीज असताना किती, बॅटरीवर किती?
मला इतकं बारकाईने कधी कुणी विचारलं नव्हतं,
नवऱ्याने नाही, डॉक्टरनेही नाही.

मी निवडत गेले.
काही करू नये.
काही करू नये.
कधीच नाही.

त्या "कधीच"वर बोट जरा थबकलं.
एवढा मोठा शब्द मी लग्नातसुद्धा दिला नव्हता.
पण इथे वारा सुटला की आधी वीजच पळते,
म्हणून खाली एक पळवाट ठेवली:
बॅटरी पाच टक्क्यांवर आली
तरच डोळे मिटावेत.

त्या रात्री हायबाने बटणावर पाय ठेवला.
काही झालं नाही.
पुन्हा ठेवला, जोर देऊन.
मग माझ्याकडे पाहिलं, मीच फितूर झाल्यासारखं,
आणि स्टोव्हमागे जाऊन बसली, पाठ करून.

पडदा मात्र मी विझू दिला.
पडदा विझला तरी आतलं बोलणं चालू राहतं,
हे अकरा वर्षांत मला पहिल्यांदा कळलं.
काळ्या काचेत माझा चेहरा, तोंड बंद,
आणि माझाच आवाज, संध्याकाळी भरून ठेवलेला:
शाळेत उद्या दाताचे डॉक्टर येणार आहेत.
दोन मेंढ्या सापडल्यात, कानाला खाच, मालकाने यावं.
ओर्तेन्सिया, भाऊ कामाला लागला, आता रडू नको.

शुक्रवारी निरोपांच्या डब्यात
एक ओलसर चिठ्ठी होती, खाऱ्या वासाची.
नियम असा, की चिठ्ठी जशी येईल तशी वाचायची.
मी माइक जवळ ओढला. खाकरले.
"रेडिओवरच्या ओतिलियाबाईंना कळावं,
पोतंभर शिंपले धक्क्यावर ठेवलेत, निळ्या दोरीने बांधून.
घोड्याचं समजलं. पोती पोचली.
यंत्र जागं आहे आणि मीही आहे.
तुम्ही घरी जाऊन झोपा."

"तुम्ही"वर आवाज अडखळला.
पुन्हा भरता आलं असतं, भरलं नाही.
आता रात्रभर, दर तासाला,
त्याच जागी अडखळेल.

दिवा मालवला. हायबाला काखोटीला मारलं.
झाकण मिटलं.
लॅपटॉपने काही केलं नाही.