होय, पहिल्या ओळीत

ओर्नेला बाईंनी माझा मसुदा घेतला
आणि तळापासून वर वाचू लागल्या.
खालून तिसऱ्या ओळीत त्यांना ते सापडलं :
"आपली मागणी मान्य आहे."
"हे बिचारं इथे तळघरात काय करतंय?"

त्रिएस्ते. कॉफीच्या गोदामावरचं ऑफिस.
बाहेर बोरा वारा सुटलेला, बंदरावर दोर बांधलेले,
माणसं त्यांना धरून चालत होती.
आत मी, एकोणीस वर्षांचा, नव्या टायचा,
नमनाला घडाभर तेल ओतून बसलेलो :
आमची पेढी, आमची परंपरा,
आपल्या पत्राने झालेला आनंद,
आणि मग, जमलंच तर, पाच पोती.

"ताकाला आपण नाही, ती बाई आलीय," त्या म्हणाल्या,
"आणि भांडं लपवतोयस तू."

मग खिडकीतल्या जिरेनियमला पाणी घालत,
माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं :
वर डोंगरात मिर्याना नावाची एक कॅफेवाली होती.
तिची अकरा पोती दमट निघाली.
तिने लिहिलं, बदलून मिळतील का?
इथून उत्तर गेलं, दोन पानी.
पहिला शब्द होता "खेद".
तिच्या काउंटरवर पाच गिऱ्हाइकं ताटकळलेली.
तिने "खेद" वाचला, पत्राची घडी घातली,
गल्ल्याखालच्या खणात टाकलं,
आणि दुसऱ्या पेढीला फोन लावला.
दुसऱ्या पानावर "होय" होतं.
अकरा नवी पोती तिच्या नावाची चिठ्ठी लावून
खाली गोदामात उन्हाळाभर पडून होती.

"कोणी लिहिलं होतं ते?"
झारी रिकामी झाली तरी
त्या ती कुंडीवर धरून उभ्या होत्या.
"अक्षर चांगलं होतं माझं तेव्हा," म्हणाल्या.

मी कागद बदलला.
*होय, पाचही पोती बदलून देतो.
मंगळवारी सकाळी गाडी येईल.
ओली पोती दाराशी ठेवा, वाहतूक आमच्याकडे.
लगेच कळवलंत, आभार.*

"एवढंच? उद्धट नाही वाटत?"
"ज्याला उभं ठेवलंयस
त्याला खुर्चीचं वर्णन ऐकवू नये.
बसव आधी."

तेव्हापासून किती होय लिहिले.
होय, किंमत तीच आहे.
होय, नमुने निघाले.
होय, तुमच्या मुलाला जुलैत कामावर घेतो,
येताना जाड बूट घालून ये म्हणावं.
टाइपरायटर गेला, टेलेक्स गेला,
आता काचेवर बोट फिरवतो,
पण पहिली ओळ अजून तीच.

काल ओर्नेला बाईंचा निरोप आला, ग्रादोहून.
निवृत्तीच्या कागदाबद्दल :
"मिळाला. बरोबर आहे. आभार.
जिरेनियम आहे का अजून?"

गेल्या बोऱ्यात कुंडी खाली पडली होती.
अंगणात, सहा तुकडे.
नाही कसं लिहायचं
हे त्यांनी शिकवायचं ठेवून दिलं, की मी विसरलो?

कोट चढवला.
दोराला धरून बाजारापर्यंत गेलो.
लाल नव्हतं, गुलाबी घेतलं.
खिडकीत ठेवलं, पाणी घातलं,
हात पुसले,
आणि मग लिहिलं :

होय, आहे.