अनुक्रमांक सत्तेचाळीस

सूर गावात वारा समुद्रावरून येतो
आणि फायलींवर मीठ बसतं.
मी मिरजेचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला
तो विमानाच्या खिडकीतून, तिसाव्या वर्षी,
आणि पंख मध्ये आल्यामुळे तोही धड दिसला नाही.

यंदा तेलाचा भाव पडला.
मस्कतहून परिपत्रक आलं, दोन पानी,
खाली हिरव्या शाईतली सही:
प्रत्येक कार्यालयाने तीस टक्के कमी करावे.
कशातून, ते लिहिलेलं नव्हतं.
ते हिशेबनिसाने शोधायचं असतं.

सालेमसाहेब म्हणाले, रस्त्यांना हात लावू नकोस.
दवाखान्याला तर नाहीच.
चौकातल्या कारंज्याला नवी मोटर हवी,
नोव्हेंबरात राष्ट्रीय दिन आहे.
मी बोट खाली खाली नेत गेलो.
सत्तेचाळीस: मौखिक इतिहास व भाषा कक्ष.
अठरा हजार चारशे रियाल.
दोन माणसं, एक रेकॉर्डर, एक खोली
आणि तिला पुरेल इतका गारवा.

तिथे थुरैया बसते.
म्हाताऱ्या खलाशांकडे जाते, कडू कॉफी पिते,
चार चार तास ऐकून घेते
आणि प्रवासखर्चात फक्त पेट्रोल लावते.
ते बिल मीच पास करतो.

मागल्या हिवाळ्यात ती माझ्या टेबलाशी आली,
हेडफोन पुढे केला. तू हिंदचा ना? हा शब्द बघ.
मल्याळी पोराला विचारलं, कच्छी दुकानदाराला विचारलं.
नाखुदा जुमा बिन खमीस, वय ब्याण्णव, तोंडात दात नाही.
(आपल्याकडे नाखवा म्हणतात तोच हा नाखुदा,
हेही मला तेव्हाच कळलं.)
तो सांगत होता: खजूर उतरवला, कौलं भरली,
पूर्णगडच्या धक्क्यावर दोर सोडला,
तर तिथला एक हमाल ओरडला, जातो म्हणू नकोस रे,
समुद्र ऐकतो.
मग काय म्हणायचं, ते त्याने सांगितलं,
आणि तिथेच तिच्या कागदावर कंस होता, कंसात टिंबं.

मी तीनदा ऐकलं.
खरखर, खोकला, मागे कुठेतरी बकरी,
आणि मग माझ्या आईच्या उंबऱ्यावरचा शब्द,
सत्तर वर्षं एका ओमानी तोंडात नीट ठेवलेला:
येतो.

तिने टिंबं खोडली. मला अर्थ विचारला.
मी म्हटलं, जाताना म्हणतात.
ती म्हणाली, पण अर्थ?

मुलगी पुण्याहून विचारते, बाबा, बीएला इतिहास घेऊ?
मी फोनवर जे बोललो ते इथे लिहीत नाही.
आधी पोटोबा, हे आमच्या धंद्यात
रकान्याच्या वरच छापलेलं असतं.

माझी नोकरी टिकली, हेही लिहून ठेवतो.
काटलेल्या माणसांची यादी करायला
एक माणूस लागतोच.

शेवटच्या दिवशी जडवस्तूंची नोंदवही घेऊन गेलो.
खुर्च्या दोन. पंखा एक, नादुरुस्त.
रेकॉर्डर एक.
टेप, दोनशे बारा.
किंमत?
तो रकाना रिकामा सोडता येत नाही,
संगणक पुढे जाऊ देत नाही.
थुरैया बघत होती.
मी शून्य टाकलं, मग पुसून एक टाकला,
मग बेरीज जुळेना म्हणून पुन्हा शून्य.

तिने चावी दिली. खोका काखेत घेतला.
जुमा नाखुदा रमजानआधीच गेला म्हणाली,
तुला सांगायचं राहिलं.
दारात वळली आणि, अगदी त्याच्याच हेलात,
म्हणाली: येतो.

बाईमाणसाने येते म्हणायचं असतं.
मी दुरुस्ती केली नाही.
दुरुस्तीचं शीर्ष आम्ही जुलैतच बंद केलं होतं.