उजवा खांदा, वय एकसष्ट

स्वयंपाकघरात अजून जानेवारी आहे.
भरती-ओहोटीचं कॅलेंडर मीच टांगलं होतं
वरच्या खिळ्यावर, हात पोचायचा तेव्हा.
बाहेर मे निम्मा सरलाय.

अडतीस वर्षं खाडीच्या वाळूत दाताळं ओढलं.
ओढायचं, झटकायचं, वाकायचं, शिंपले निवडायचे,
बोटाच्या पेरापेक्षा लहान असले तर परत पाण्यात.
कंबर कुरकुरायची, मनगट कुरकुरायचं,
खांदा मात्र गरीब गाय.
मग एका पहाटे ब्रेसियरचा हुक लावायला
हात मागे नेला, आणि त्यानं नकार दिला.
साफ. कारण न देता.

बाल्बीना म्हणाली, लसूण उकळून तेल चोळ.
चोळलं. महिनाभर माझ्या उशीला
कालवणाचा वास.
रात्री त्या कुशीवर वळलं की
कुणीतरी सांध्यात खिळा फिरवायचं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खांदा गोठलाय.
या गालिसियात, म्हटलं, खाडीतलं पाणीसुद्धा गोठत नाही!
त्या हसल्या, एक सुई टोचली आत,
आणि म्हणाल्या, सुटेल. वर्ष लागेल, कदाचित दोन.
जणू पुढच्या गल्लीत वळायचंय.

यागो, व्यायाम शिकवणारा पोरगा,
शाळेच्या कंपासपेटीतला वाटावा असा कोनमापक लावतो.
चौऱ्याऐंशी अंश.
गणितात मला एवढे कधीच मिळाले नव्हते.

डावा हात टेबलावर टेकव, म्हणतो, वाक,
उजवा सोडून दे, विहिरीत सोडलेल्या दोरासारखा.
गोल फिरू दे.
तू फिरवू नकोस, दोसिंदा. त्याला फिरू दे.
हेच अवघड.
या हाताला मी आजवर
नुसतं लोंबू दिलं नव्हतं.

मग भिंत.
बोटांनी चढायचं, खेकड्यासारखं, वीत वीत.
दुखण्याच्या उंबऱ्यापर्यंत जायचं,
आत पाऊल टाकायचं नाही.

मार्चात संस्थेची सभा होती.
वरची वाळू दोन वर्षं बंद ठेवायची, शिंपले वाढू द्यायचे.
बाजूनं असलेल्यांनी हात वर करा.
माझा कानापाशी अडला,
आणि एलादियो मोजत पुढे गेला.
डावा करता आला असता वर.
केला नाही. हट्ट.
लोक म्हणतात, अंगावर आलं की माणसं हात वर करतात;
मला तेवढंही जमलं नाही.
एका मतानं ठराव पडला.
बाल्बीना आठवडाभर बोलली नाही.

नवव्या खेपेला पाहिलं,
यागो माझ्या पाठीला अंगठा लावतो
आणि आवंढा गिळतो.
धरला त्याचा हात. शिंपला चाचपावा तसा चाचपला,
अंगठ्याच्या मुळाशी सांधा सुजलेला, गरम.
दिवसाला बारा पाठी, सगळ्या याच अंगठ्यानं.
कुणाला दाखवलंस का रे?
वेळ कुठंय, म्हणाला.
हे वाक्य माझं आहे, म्हटलं,
तीन वर्षं मीच वापरलंय, झिजलंय आता.
त्या दिवशी त्यानं कोपरानं दाबलं.
जास्त दुखलं. मी काही बोलले नाही.

आज सकाळी कॉफी उकळत होती,
बोटं भिंतीवर चढत होती सवयीनं,
खिडकीची चौकट, पोपडा, माशीचा डाग,
आणि मधल्या बोटाला गार काहीतरी लागलं.
खिळा.

कॅलेंडर खाली काढलं.
मधली पानं सरळ फाडली नाहीत,
बसून वाचली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल,
कुठल्या तारखेला पाणी किती मागे गेलं,
वाळू किती उघडी पडली,
मला न विचारता.

कॉफी उतू गेली.
पुसायला उजवाच हात पुढे झाला,
आणि मध्येच, शेगडीच्या जरा अलीकडे, कळ आली.
थांबले.
मग डाव्यानं पुसलं.